आजीचे सहा महिने कुणाच्या हिशेबात?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराजवळ, लेकीच्या घरी काढलेल्या दिवसांविषयी लिहिलं होतं. २००७ ते २०२४ या काळात मी तिथे सहा वेळा राहून आले. लेखाखाली संपादकांनी प्रश्न मागवले होते आणि पिशवी भरून पत्रं आली. पुण्यातल्या शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुणी प्रश्न विचारला की मला बरं वाटतं. सगळी पत्रं इथे मावणार नाहीत. सर्वांत जास्त पत्रं ज्या विषयावर आली, तिथून सुरुवात करते.

जानेवारीत न्यू जर्सीला लेकीचं बाळंतपण आहे. आम्ही दोघं सहा महिने जातोय, आम्ही परतलो की विहीणबाई जाणार. आमचे हे म्हणतात, एवढा श्रीमंत देश, पैसे टाकले की माणूस मिळत नाही का? लेक म्हणते, रजा फक्त तीन महिने. हे खरं आहे का?
— एक होणारी आजी, कोथरूड

ताई, लेक खरं सांगते आहे. शिवाय ती रजा पगारी असेलच असंही नाही. कुटुंबासाठीच्या आणि आजारपणाच्या रजेचा कायदा अमेरिकेत १९९३ साली झाला, बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्यात बारा आठवडे नोकरी राखून ठेवतात, पगार मात्र देत नाहीत. खाजगी कंपनी असेल तर तिथे किमान पन्नास माणसं हवीत आणि बाईची तिथे वर्षभर नोकरी झालेली हवी. खाजगी नोकरीतल्या बाईला देशभर पगारी बाळंतरजा देणारा कायदा तिथे अजून नाही. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते. अर्थात ती नोकरीच्या कागदावर नाव असलेल्या बायकांना. माझ्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची लेक बाळंतपणानंतर दीड महिन्यात भांडी घासायला लागली, हेही मी पाहिलंय.

तुमची लेक न्यू जर्सीत आहे हे चांगलं. त्या राज्याने २००८ साली स्वतःचा कायदा केला आणि २००९ पासून रजेच्या काळात पगाराचा काही भाग राज्याच्या विमा निधीतून मिळतो. कॅलिफोर्नियात ही सोय २००४ पासून आहे. माझ्या लेकीच्या ओहायोत खाजगी नोकरीसाठी अशी सोय नाही. म्हणजे देश एकच, पण बाळंतिणीला काय मिळणार ते राज्याच्या हद्दीवर ठरतं. लेकीला सांगा, कंपनीच्या एचआरला आणि राज्याच्या खात्याला, दोन्हीकडे आत्ताच विचारून ठेव. आठव्या-नवव्या महिन्यात कागद भरायला त्राण राहत नाही.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. माझी नात एप्रिल २००७ मध्ये झाली. दोन रात्रींनंतर लेक घरी. विमा कंपनीने साध्या बाळंतपणाला किमान ४८ तासांचा खर्च द्यावा असा १९९६ चा कायदा आहे, आणि ते तास भरले की निघायचंच. बाळाची खुर्ची गाडीत नीट बसवली आहे ना, हे नर्सने पाहिलं आणि मगच सोडलं. घरी आल्यावर मी ओवा भाजून शेक द्यायची तयारी केली, तेवढ्या धुराने छताला बसवलेला भोंगा ठणाणा वाजायला लागला. मग गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं. पहाटे नातीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, लेकीला अळिवाची खीर द्यायची, आणि नंतर नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचं, असा माझा दिवस असे.

त्या खिडकीतून शेजारचं घर दिसायचं. तिथेही त्याच सुमाराला बाळ झालं होतं. ती मुलगी एका दुकानात कामाला होती. सातव्या आठवड्यात ती कामावर जायला लागली, कारण बिनपगारी घरी बसणं परवडत नव्हतं. सकाळी पावणेसातला ती बाळाची खुर्ची, बाटल्यांची पिशवी, दूध काढायच्या पंपाची पिशवी असं एकेक गाडीत नेऊन ठेवायची आणि शेवटी बाळ. तिची आई माझ्याच वयाची, पण ती लांब फ्लोरिडात स्वतः नोकरी करत होती, तिला रजा नव्हती. एक दिवस ती पोर गाडीत बसून, स्टिअरिंगवर डोकं टेकवून पाच मिनिटं तशीच थांबलेली मी पाहिली. माझ्या मांडीवर नात झोपली होती. वर आमची लेक झोपली होती. दोन घरांमध्ये फरक होता तो माझा.

पैसे टाकले की माणूस मिळतं हो. पण डे-केअरचं महिन्याचं बिल लेकीच्या घराच्या हप्त्याच्या जवळ जात होतं, आणि जिथे प्रवेश मिळाला तिथे तिने बाळ पोटात असतानाच नाव नोंदवलं होतं. हे असं का, याच्या मागे मी बरीच लागले, तेव्हा दोन गोष्टी हाती आल्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यांत बायका हव्या होत्या, तेव्हा अमेरिकन सरकारने स्वतः पैसे घालून पाळणाघरं चालवली. युद्ध संपलं, १९४६ मध्ये तो पैसा थांबला. पुढे १९७१ साली देशभर पाळणाघरांची व्यवस्था उभी करणारं विधेयक त्यांच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारलं. मुलं सामुदायिक पद्धतीने वाढवण्याच्या बाजूने सरकारने उभं राहू नये, कुटुंबाच्या बाजूने राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. कुटुंबाच्या म्हणजे कुणाच्या? त्या गाडीत बसलेल्या पोरीच्या कुटुंबात त्या वेळी तीच एकटी होती.

म्हणून मला मनापासून वाटतं, की पुण्याहून, हैदराबादहून सहा-सहा महिन्यांच्या पाळ्या लावून ज्या आज्या तिथे जातात, त्या फक्त लेकीचं बाळंतपण करत नाहीत. त्या देशाने कायद्यात न घेतलेलं एक काम त्या करतात, आणि ते कुठल्याच हिशेबाच्या वहीत चढत नाही. तुम्ही जा, आनंदाने जा. पण आपण मोलाचं काम करतोय हे घरातल्या सगळ्यांना, जावयांनासुद्धा, माहीत असू द्या. आठवड्यातला एक दिवस स्वतःचा मागून घ्या. मी बुधवार मागितला होता आणि तो ग्रंथालयात काढायची.

सामानाचं: डिंक, खारकेची पूड, सुंठ चालेल, तिथल्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू सरळ जाहीर करा. दुबईमार्गे जात असाल तर खसखस मुळीच नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. मंडईतून आणलेली पाव किलो खसखस तुम्हाला मोठ्या संकटात टाकेल.

अमेरिकेत मुलगा अठरा वर्षांचा झाला की घराबाहेर काढतात, हे खरं का?
— सातवीतली विद्यार्थिनी, बिबवेवाडी

नाही गं. पुष्कळ मुलं कॉलेजसाठी दुसऱ्या गावी राहतात, म्हणून तसं दिसतं. लेकीच्या समोरच्या घरातला मुलगा दर शनिवारी मळके कपडे घेऊन यायचा आणि रविवारी आईने दिलेले डबे घेऊन जायचा. २०१० च्या आरोग्य कायद्याने तर मुलांना सव्वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत आई-वडिलांच्या विम्यात राहता येतं. आणि करोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने पाहिलं तर १८ ते २९ वयाची ५२ टक्के मुलं आई किंवा वडिलांच्या घरीच राहत होती.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना जास्त मतं मिळूनही त्या हरल्या. याला लोकशाही म्हणायचं का? आणि आपल्यापेक्षा त्यांच्यात काय चांगलं आहे ते तरी सांगा.
— निवृत्त बँक अधिकारी, नारायण पेठ

पहिल्या भागाचं उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहावं तसं देते. अध्यक्षाला जनता थेट निवडत नाही, ५३८ निर्वाचक निवडतात. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहाचे सदस्य, आणि लोकसंख्येनुसार असलेले खालच्या सभागृहाचे सदस्य, या दोन्हींची जी बेरीज तितके निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनला तीन. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं ते विभागून देतात. जिंकायला २७० लागतात. २०१६ मध्ये क्लिंटनबाईंना देशभरात सुमारे २८ लाख ६८ हजार मतं जास्त होती, पण निर्वाचक २२७ आणि ट्रम्प यांना ३०४. २००० साली अल गोर यांचंही असंच झालं. फ्लोरिडा राज्यातल्या ५३७ मतांनी तो निकाल फिरला. मला ही पद्धत पटत नाही. वायोमिंगसारख्या अगदी छोट्या राज्यालाही तीन निर्वाचक मिळतात, त्यामुळे तिथल्या एका मताचं वजन कॅलिफोर्नियातल्या मताच्या कितीतरी पट होतं.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला, कारण २०२४ चा नोव्हेंबर मी तिथे होते.

ऑक्टोबरातल्या एका रात्री लेक आणि जावई जेवणाच्या टेबलावर नमुना मतपत्रिका पसरून बसले. मला वाटलं दोन नावं असतील, ट्रम्प आणि हॅरिस. मी चष्मा लावून वाचायला घेतलं तर कागद संपेना. अध्यक्ष, सिनेटर, संसदेचा सदस्य, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य इथवर ठीक. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मग काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, कमिशनर, सरकारी वकील, शेरीफ, खजिनदार, नोंदणी अधिकारी, अभियंता. आणि कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची तपासणी करणारा डॉक्टर. हे सगळे मतांनी निवडायचे. रस्त्याच्या पुलांची जबाबदारी असलेला अभियंता कोण, हे माझी लेक ठरवणार होती. ती म्हणाली, "आई, यातल्या निम्म्यांबद्दल मला काही माहीत नाही," आणि मग दोघं लॅपटॉप उघडून रात्री साडेअकरापर्यंत एकेकाची माहिती वाचत बसले. न्यायाधीश मतांनी निवडणं मला आजही धोक्याचं वाटतं. न्यायाधीशाने लोकप्रिय व्हायला बघू नये. पण त्या रात्री टेबलाशी जे चाललं होतं ते मी पुण्यात कुठल्याही निवडणुकीच्या आधी, माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा, पाहिलेलं नाही.

शाळेचा कर हा प्रकार तर आणखी वेगळा. तिथल्या शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीच्या पैशावर चालतात. ओहायोत शाळेला जास्तीचा पैसा हवा असेल तर बहुतेक वेळा लोकांची मतं घ्यावी लागतात. एक लाख डॉलर किमतीच्या घरावर वर्षाला किती डॉलर वाढणार, हे मतपत्रिकेवरच छापलेलं असतं. लेकीच्या डावीकडच्या घरात एक विधवा बाई राहतात, वय चौऱ्याऐंशी. मूलबाळ नाही. पूर्वी एकदा असा कर मतदानाला आला होता तेव्हा त्यांनी अंगणात "शाळेच्या बाजूने मत द्या" अशी पाटी लावली होती. मी विचारलं, तुम्हाला काय उपयोग? त्या म्हणाल्या, मी शाळेत होते तेव्हा कुणी म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी भरला असेलच की. याची दुसरी बाजूही आहे. जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत, आणि कोलंबसच्याच दुसऱ्या टोकाला मी अशी शाळा पाहिली जिथे पालक वर्गासाठी कागद आणि हात पुसायचे रुमाल पुरवत होते.

मतदानाच्या दिवशीचं सांगायलाच हवं. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलाय. तेव्हा शेतकरी लोक घोडागाडीतून येत, रविवार प्रार्थनेचा, म्हणून मध्ये एक दिवस प्रवासाला सोडला, असं सांगतात. देशभर सुट्टी नसते. ओहायोत केंद्र सकाळी साडेसहाला उघडतं, संध्याकाळी साडेसातला बंद होतं. तिथे शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या सतरा वर्षांच्या मुलांना मतदान केंद्रावर काम करता येतं, मत देता येत नसलं तरी. माझी नात तेव्हा सतरा वर्षांची. जिला मी २००७ मध्ये पायांवर घेऊन तेल लावलं, ती पहाटे सव्वापाचला जेवणाचा डबा घेऊन निघाली. डब्यात थालीपीठ होतं, ते मी लावून दिलं. दोन्ही पक्षांची माणसं एकाच टेबलाशी बसून दिवसभर काम करतात. तिच्या शेजारी बसलेले गृहस्थ दुसऱ्या पक्षाचे, वयाने आजोबा. रात्री नऊला ती घरी आली तेव्हा पाय दुखत होते. मी पाय चेपत होते आणि ती सांगत होती, कुणाची सही जुळली नाही तेव्हा काय केलं, एका बाईंना चालता येत नव्हतं तर मतपत्रिका बाहेर गाडीपर्यंत कशी नेली. टीव्हीवर त्या वेळी नकाशे लाल-निळे होत होते. दुसऱ्या दिवशी घरातले दोघं निकालाने खूप निराश होते. शेजारच्या घरावर झेंडा होता. तरी नातीने मला टेबलाशी बसलेल्या त्या आजोबांचं कौतुकच सांगितलं.

इथे पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात आमच्या गल्लीतली ड्रेनेजची तक्रार कुणाकडे न्यायची हे मला, नागरिकशास्त्राच्या शिक्षिकेला, कुणाला सांगता आलं नाही. त्याचं दुःख मला तिथल्या त्या लांबलचक मतपत्रिकेपुढे फार झालं.

तुमच्या नातीच्या शाळेत, गोळीबार झाला तर काय करायचं याची तालीम होते असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. माझा मुलगा सहकुटुंब बदलीवर चाललाय, नातू सहा वर्षांचा आहे. मला झोप येत नाही. तिथे बंदुकांवर कायदा का होत नाही?
— औंध

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांची वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. तेव्हा नात बालवर्गात होती. आमच्याकडे पहाट होती, लेकीचा फोन आला आणि ती काही बोलेचना, नुसती रडत होती. त्यानंतरच्या माझ्या मुक्कामात नातीने मला खेळ म्हणून दाखवलं: दिवा बंद, दारापासून लांबच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, तोंडावर बोट. तिला चालताना लुकलुकणारे गुलाबी बूट हवे होते. लेकीने ते आणले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत केले. अंधारात ते चमकतील म्हणून. हे कारण तिने नातीला सांगितलं नाही, मला सांगितलं, स्वयंपाकघरात, नळ सोडून.

कायदा का होत नाही, हेही विचारलंत. शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेच्या १७९१ मधल्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क आहे असा निकाल दिला. सँडी हूकनंतर एप्रिल २०१३ मध्ये बंदूक विकण्याआधी ग्राहकाची पार्श्वभूमी जास्त ठिकाणी तपासावी, एवढंच मागणारी दुरुस्ती सिनेटमध्ये आली. बाजूने ५४ मतं, विरुद्ध ४६. तरी ती पडली, कारण तिथल्या नियमाने ६० लागत होती. २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युव्हाल्डीला एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, त्यानंतर एक मर्यादित कायदा झाला.

नातवाच्या शाळेत अशा घटना घडण्याची शक्यता फार कमी आहे, हे खरं. तालीम मात्र होणार. सुनेला म्हणावं, तालमीच्या दिवशी शाळा आधी कळवते का ते विचारून ठेव, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याला जवळ घेऊन, तू काय केलंस, असं विचार. आमच्या नातीला बोलायला मिळालं की ती शांत झोपायची.

माझा भाऊ सतरा वर्षं अमेरिकेत आहे, अजून ग्रीन कार्ड नाही. भाचा तीन वर्षांचा असताना गेला, आता वीस पूर्ण होतील. पुढे काय?
— बावधन

नोकरीवर आधारलेली वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास, ही १९९० च्या कायद्याने घातलेली चौकट आहे. भारत आणि आइसलँड यांना मर्यादा एकच. म्हणून आपली रांग पुढे सरकत नाही. एकवीस पूर्ण झाली की मूल वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना अर्ज तपासणीत गेलेले काही दिवस वजा होतात, त्याचा हिशेब स्थलांतराचा वकीलच नीट मांडू शकेल. भावाने तो आजच गाठावा. नाहीतर ज्या गावात भाचा वाढला तिथेच त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा घ्यावा लागेल. या मुलांचं मला फार वाईट वाटतं.

तिथली माणसं वरवर गोड, आतून कोरडी, असा माझा अनुभव. फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहता येत नाही. आणि म्हातारी माणसं तर अगदी एकटी. बरोबर ना?
— वय ७९, सहकारनगर

काका, तुमचं पत्र पाच पानी आहे आणि तुमचे दोन्ही मुलगे तिकडे आहेत, तुम्ही इथे एकटे आहात, हेही त्यात आहे. म्हणून सावकाश लिहिते.

फोन करून यायचं, हे मलाही सुरुवातीला टोचायचं. पण २०१५ मध्ये जावयाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा गल्लीतल्या घरांनी आपापसात यादी केली आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी सहाला दारात गरम जेवणाचा डबा. आम्ही मांस खात नाही हे कुणीतरी यादीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बेल वाजवून माणूस निघून जायचं, आजारी घरात आपला पाहुणचार नको म्हणून. ठरवून केलेलं प्रेमसुद्धा प्रेमच, हे मला तिथे कळलं.

आणि आपण पुणेकरांनी तर कोरडेपणाचं बोलूच नये. गोपाळराव जोशी यांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचलं, आणि कधी न पाहिलेल्या मुलीला त्यांनी पत्र लिहिलं. १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या तिथे पोचल्या त्या त्यांच्याच घरी. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे. पोटच्या मुलीसारखी. आनंदीबाईंच्या पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनाही पुढे विधवांच्या शाळेसाठी बॉस्टनच्या बायकांनी मंडळ काढून पैसा उभा केला.

म्हाताऱ्यांविषयी: वर सांगितलेल्या चौऱ्याऐंशीच्या बाई एकट्याच राहतात. त्यांना १९३५ पासून चालू असलेल्या सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आहे, मेडिकेअर हा १९६५ पासूनचा, म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा आहे. दुपारी घरपोच जेवण येतं. हे काम १९५४ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालं, देशभर स्वयंसेवक ते करतात, आणि जेवण देणारा माणूस दार उघडलं का, बाई ठीक आहेत का, हेही पाहतो. बर्फ पडला की समोरचा तो मळक्या कपड्यांचा मुलगा त्यांची वाट साफ करतो. पण अंथरूण धरलं तर अवघड. कायमच्या शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर देत नाही. आयुष्याची पुंजी संपेपर्यंत स्वतः भरायचं, मग गरिबांसाठीची मेडिकेड मदतीला येते. घर विकावं लागेल का, ही त्या बाईंची रात्रीची काळजी आहे.

तुम्ही मुलांकडे जाणार असाल तर प्रवाशांचा विमा घेताना एकच बघा. स्वस्त योजनांत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बाकी तुमची. मी २०१८ मध्ये तशीच घेतली होती. एका रात्री चक्कर येऊन पडले, पाच तास इमर्जन्सीत होते, निदान झालं अंगातलं पाणी कमी झाल्याचं. बिलं मात्र चार वेगवेगळ्या पाकिटांतून आली, आणि विमा वजा जाता लेकीने साडेतीन हजार डॉलर भरले. तिने मला ते सांगितलं नव्हतं, मला कचऱ्यात पाकीट सापडलं. तेव्हा सर्वसमावेशक योजना घ्या, आणि जुन्या दुखण्याचं कलम मुलांकडून वाचून घ्या.

आणि काका, सहकारनगर माझ्यापासून दोन थांब्यांवर आहे. दर गुरुवारी आम्ही पाच-सहा जणं, सगळ्यांची मुलं बाहेर, तळजाईच्या पायथ्याशी भेटतो. संपादकांकडे माझा फोन नंबर आहे. फोन न करता आलात तरी चालेल.

ती नमुना मतपत्रिका तुम्ही इथे आणली आहे का? आम्हाला अकरावीच्या प्रकल्पासाठी हवी आहे.
— दोन मैत्रिणी, कर्वेनगर

आणली आहे, बॅगेच्या तळाशी सपाट ठेवून. मूळ देणार नाही, कारण तिच्या मागे नातीने पेन्सिलने माझ्यासाठी प्रत्येक पदाचं काम मराठीत लिहिलंय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तरी मला ते पुसायचं नाही. दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट अंकाच्या कार्यालयात पाठवा.